बेटावर राहायला जाताय? पेन्शन मागोमाग येईल, बाकीचं येईलच असं नाही

थंडीला कंटाळून म्हणा किंवा मुलांच्या नोकरीपायी, कॅरिबियन बेटांवर मुक्काम हलवण्याचा विचार असलेल्या वाचकांची पत्रं अलीकडे वाढली आहेत. त्यांतल्या पाच प्रश्नांची उत्तरं.

प्रश्न : आम्ही नवरा-बायको अमेरिकन नागरिक, दोघंही निवृत्त. न्यू जर्सीचं घर विकून बार्बाडोसला जाणार आहोत. सोशल सिक्युरिटी (सरकारी निवृत्तिवेतन) बंद पडेल का?

नाही. नोकरीभर पगारातून कापून गेलेल्या कराची ही कमाई आहे. तुम्ही नागरिक आहात, त्यामुळे ती बार्बाडोसलाही मिळेल. कॅरिबियनमध्ये अडचण फक्त क्यूबाची. तिथे राहाल तोवर पैसे येत नाहीत.

खरी भीती वेगळीच आहे. परदेशी राहणाऱ्यांना सोशल सिक्युरिटीच्या कार्यालयाकडून वर्षाआड, काहींना दरवर्षी, एक प्रश्नावली टपालाने येते : तुम्ही हयात आहात ना, लग्न, काम, पत्ता यांत काही बदल? ती भरून पाठवली नाही तर पैसे थांबतात. माझ्या ओळखीच्या एका काकांनी लेकीचा पत्ता देऊन ठेवला होता. ते पाकीट तिच्याकडे जाहिरातींच्या गठ्ठ्यात पडून राहिलं आणि इकडे खात्यात पैसे येईनात. म्हणून पत्ता तुम्ही प्रत्यक्ष राहता तिथलाच द्या आणि मे-जूनमध्ये टपालावर डोळा ठेवा.

प्रश्न : मग मेडिकेअर, म्हणजे ज्येष्ठांचा सरकारी आरोग्यविमा? यांची बायपास झालेली आहे.

इथे मात्र स्पष्ट सांगते, मेडिकेअर बार्बाडोसच्या दवाखान्याचं बिल भरत नाही. त्यातला पार्ट ए (रुग्णालयाचा खर्च) फुकट मिळत असेल तर तो तसाच राहू द्या. प्रश्न पार्ट बीचा (डॉक्टर आणि तपासण्यांचा खर्च). वापर नाही तर दरमहा हप्ता कशाला, म्हणून लोक तो सोडतात. तीन वर्षांनी परत आलात की हप्त्यावर ३० टक्के दंड, तोही पार्ट बी असेपर्यंत. शिवाय नाव नोंदवायला जानेवारी ते मार्चची वाट पाहायची. बायपास झालेल्या माणसाने पार्ट बी सोडू नये, असं माझं ठाम मत आहे. बेटावरच्या उपचारांसाठी स्थानिक किंवा आंतरराष्ट्रीय विमा वेगळा घ्यावाच लागेल.

प्रश्न : मला पोर्तो रिकोची राजधानी सान हुआनला नोकरी लागली आहे. आई अमेरिकन नागरिक आहे, न्यूयॉर्कमध्ये तिला एसएसआय आणि मेडिकेड (गरिबांसाठीचा सरकारी आरोग्यविमा) मिळतं. पोर्तो रिको अमेरिकेतच आहे, तर सगळं तसंच चालू राहील ना?

नाही, आणि याच समजुतीपायी माणसं कर्जात पडतात. एसएसआय हा गरजू वृद्ध आणि अपंगांसाठीचा आधार ५० राज्यं, वॉशिंग्टन डीसी आणि नॉर्दर्न मारियाना बेटं एवढ्यांपुरताच आहे, आणि पोर्तो रिको अमेरिकेचा प्रदेश असला तरी राज्य नाही. होझे लुईस वाएलो मादेरो हे गृहस्थ २०१३ मध्ये न्यूयॉर्कहून पोर्तो रिकोला गेले. एसएसआयचे पैसे खात्यात येत राहिले. पुढे सरकारने २८,०८१ डॉलर परत मागितले. खालच्या दोन्ही न्यायालयांत ते जिंकले, पण २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८ विरुद्ध १ मतांनी सरकारच्या बाजूने निकाल दिला. पोर्तो रिकोचे रहिवासी अमेरिकेच्या केंद्र सरकारचे बरेचसे कर भरत नाहीत, हे त्यामागचं एक कारण. न्यूयॉर्कहून पोर्तो रिकोला गेलेल्या आजारी माणसाला नागरिक असूनही मदत नाकारणं मला अन्यायाचं वाटतं. पण आज कायदा हाच आहे.

तेव्हा निघण्याआधीच सोशल सिक्युरिटीला कळवा. उशिरात उशिरा, मुक्काम हलवल्यानंतरच्या महिन्याच्या १० तारखेपर्यंत. पोर्तो रिकोची स्वतःची मदत योजना आहे, पण तिची रक्कम एसएसआयच्या जवळपासही जात नाही. मेडिकेडसाठी तिथे नव्याने अर्ज करावा लागेल. फूड स्टॅम्प (किराण्यासाठीची सरकारी मदत) असतील तर तेही बदलतील, कारण १९८२ पासून तिथे वेगळी योजना आहे. आईंना मेडिकेअर असेल तर ते तिथे चालतं, मात्र मेडिकेअर ॲडव्हान्टेजची (खासगी विमा कंपनीमार्फत घेतलेल्या मेडिकेअरची) योजना बदलावी लागेल. आईंचं घर एसएसआयवर चालत असेल, तर ती रक्कम तुमच्या नव्या पगारातून भागेल का, हा हिशेब आधी मांडा.

प्रश्न : माझं ग्रीन कार्ड आहे, पासपोर्ट भारतीय. अमेरिकेत १४ वर्षं नोकरी केली. डोमिनिकन रिपब्लिकमध्ये स्थायिक झालो तर?

नागरिक नसलेल्यांचे पैसे साधारणपणे सहा महिने बाहेर राहिल्यावर थांबतात. पण भारतीय नागरिकाकडे स्वतःच्या कामाचे ४० क्रेडिट असतील, म्हणजे साधारण १० वर्षांची नोकरी, तर निवृत्तिवेतन चालू राहतं. तुमचं राहील. धोका ग्रीन कार्डाला आहे : कायमचे बाहेर राहिलात तर ते टिकत नाही. ते गेलं की करासाठी तुम्ही परके ठरता, आणि मग पेन्शनमधून सहसा २५.५ टक्के आधीच कापले जातात. नागरिकत्वाला पात्र असाल तर बेटाचं तिकीट त्यानंतर काढा.

प्रश्न : आम्ही लंडनला असतो. सासरे त्रिनिदादला परत जाणार आहेत. त्यांचं स्टेट पेन्शन?

मिळेल, पण दरवर्षीची वाढ मिळणार नाही. जाताना असलेल्या रकमेवर ते गोठतं, जसं पुण्याला परतलेल्यांचं गोठतं. वाढ हवी असेल तर कॅरिबियनमध्ये जमैका आणि बार्बाडोस या देशांशी ब्रिटनचा तसा करार आहे. पेन्शन क्रेडिट (कमी उत्पन्नाच्या वृद्धांना मिळणारी पूरक मदत) मात्र कायमचं परदेशी गेल्यावर कुठेच मिळत नाही.