सगळा सेटच बदलायचा का?

प्रश्न : मी घरूनच अकाउंटची कामं करते, टॅली, एक्सेल आणि जीएसटी रिटर्न, बाकी काही नाही. कॉम्प्युटर 2017 चा, सहाव्या जनरेशनचा आय-थ्री प्रोसेसर, सोबत 22 इंची एलईडी मॉनिटर. विंडोज 10 चा सपोर्ट ऑक्टोबर 2025 ला संपला आणि 11 यावर चढत नाही. दुकानदार म्हणतो सगळा सेटच बदला, 27 इंची स्क्रीन घ्या, नवा माल वीज कमी खातो, पर्यावरणालाही बरा. खरंय का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : ताई, अर्धंच खरंय. वीज कमी लागते हे कबूल, पण सेट सोडा, नवा लॅपटॉप घेतला तरी तो नुसता बनवतानाच साधारण 150 ते 250 किलो कार्बन डायऑक्साइड हवेत गेलेला असतो, तुम्ही बटण दाबायच्या आधीच. आता तुमचा डबा 45 वॅट खातो धरा आणि नवा 15, दिवसाला 8 तास, वर्षाला 300 दिवस, तर वाचली 72 युनिट, म्हणजे आपल्याकडच्या बहुतांश कोळशावरच्या विजेच्या हिशोबाने पन्नासएक किलो. नव्याचा बोजा फिटायलाच तीन ते पाच वर्षं गेली की!

टॅली नसती तर मी सरळ म्हटलं असतं एसएसडी म्हणजे वेगवान डिस्क टाका, विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकट सिस्टिम चढवा आणि पुढची चार वर्षं विसरा, पण टॅलीला विंडोज लागतं आणि क्लायंटचा डेटा असलेलं मशीन सिक्युरिटी अपडेटशिवाय नेटला ठेवू नये. म्हणून कंपन्यांनी वापरून काढलेला मिनी पीसी बघा, थिंकसेंटर टायनी, ऑप्टिप्लेक्स मायक्रो वगैरे, जेवणाच्या डब्याएवढाच असतो. इंटेलचा असेल तर प्रोसेसर आठव्या जनरेशनचा किंवा पुढचा हवा, त्याच्या खालचा विंडोज 11 ला चालत नाही, आणि हे दुकानातच स्क्रीनवर उघडून बघा, बिलावरच्या "आय-फाइव्ह"वर जाऊ नका, त्यावरून जनरेशन कळत नाही. रॅम आणि एसएसडी बदलता येतात ना तेही विचारा.

मॉनिटर अजिबात बदलू नका! 22 इंचीला वीसेक वॅट लागतात, मोठ्या स्क्रीनला जास्तच. ब्राइटनेस कमी करा, फरक पडतो. डार्क मोडने मात्र या स्क्रीनवर वीज वाचत नाही, मागचा लाइट चालूच असतो, आणि स्क्रीनसेव्हरचंही तेच, त्यापेक्षा 5 मिनिटांनी स्क्रीन बंद होईल असं सेटिंग ठेवा. पुढेमागे नवा घ्यावाच लागला तर टीसीओ सर्टिफाइड किंवा एनर्जी स्टारची खूण बघा, नुसत्या "इको" स्टिकरला काही अर्थ नाही.

जुन्या डब्यावर मिंट टाकून घरातल्या शाळकरी पोराला द्या, कुणालाच नको असेल तर भंगारवाल्याला न देता अधिकृत ई-कचरा रिसायकलरकडे, कारण भंगारात बोर्ड ॲसिडमध्ये बुडवतात, वायरी जाळतात. आणि कुणालाही द्यायच्या आधी हार्ड डिस्क नीट पुसा, नुसतं डिलीट नाही, त्यात क्लायंटचे पॅन नंबर असणार.