की वेस्टची दफनभूमी ऐन गावात का, आणि तिथली इतकी थडगी जमिनीच्या वर का?

पहिल्याचं मूळ एका वादळात आहे, दुसऱ्याचं तिथल्या खडकात आणि पाण्यात. ऑक्टोबर 1846 मध्ये फ्लोरिडाच्या टोकाच्या या बेटावर मोठं चक्रीवादळ आदळलं. तेव्हा गावाची दफनभूमी दक्षिण किनाऱ्याला, वाळूत होती. समुद्र आत घुसला, वाळू वाहून गेली आणि पुरलेली प्रेतं उघडी पडली. दीपगृहही कोसळलं. म्हणून 1847 मध्ये दफनभूमी किनारा सोडून आत, सोलारेस टेकडीपाशी नेली. टेकडी कसली, समुद्रसपाटीपासून जेमतेम 5 मीटर! आम्ही जळगावकर तिला टेकाडसुद्धा म्हणणार नाही. पण बेटावर त्याहून उंच जागाच नाही. पुढे गाव वाढत गेलं आणि दफनभूमी मधोमध आली.

आता थडग्यांचं. आमच्याकडे यावल-रावेरला बोअर शेकडो फूट खाली गेला तरी पाणी लागेलच याची खात्री नसते. तिथे उलटं. वर कठीण चुनखडक, आणि थोडं खणलं की खाली पाणी. मग पेटी जमिनीवरच बांधलेल्या सिमेंटच्या खणात सरकवायची आणि तोंड बंद करायचं. असे खण स्लीपर डब्यातल्या बर्थसारखे एकावर एक आहेत. उन्हं वर आली की त्यांच्यावर इग्वाना येऊन पसरतात, घोरपडीएवढे.

मुलगा फ्लोरिडात असतो, म्हणून माझं तिथे जाणं झालं. बरेच लोक एका थडग्यावरचं ‘मी सांगत होते ना, मला बरं नाही’ हे वाक्य बघायला जातात, फोटो काढतात आणि निघतात. मला विचाराल तर क्युबन लोकांचा भाग चुकवू नका. 1868 मध्ये क्युबात स्पेनविरुद्ध लढा पेटला, तेव्हा पुष्कळ क्युबन इकडे आले आणि सिगार वळायच्या कारखान्यांत लागले. त्या लढ्यातल्या हुतात्म्यांचं स्मारक इथे, परक्या मुलखात, उभं आहे. हवाना तिथून दीडशे-पावणेदोनशे किलोमीटर, म्हणजे जळगावहून संभाजीनगरइतकंच.

त्याच हवानाच्या बंदरात 15 फेब्रुवारी 1898 ला ‘मेन’ ही अमेरिकन युद्धनौका स्फोटाने बुडाली. अडीचशेहून जास्त माणसं गेली. त्यांतल्या काही खलाशांना इथे पुरलं. त्या कुंपणातल्या छोट्या थडग्यांजवळ हातात वल्हं धरलेला खलाशी उभा आहे. स्फोट कशाने झाला यावर वाद अजून मिटलेला नाही, पण अमेरिकेने त्यावरून स्पेनशी युद्ध केलं. कॅथलिकांचा आणि ज्यूंचा भागही वेगळा आहे.

इथे पुरलेल्यांचा आकडा कुणी 60 हजार सांगतं, कुणी 1 लाख. गावात राहणारे पंचवीसेक हजार. अजूनही दफनं होतात, तेव्हा कुणाचा अंत्यविधी चालू असेल तर कॅमेरा खिशात ठेवा. आणि सकाळीच जा. मे महिन्यातल्या जळगावची सवय असली तरी तिथला दमट उकाडा झेपत नाही, आणि सावली फारशी नाही.