एकच लॅपटॉप, अख्खं घर आणि बिटकॉइन

तुमच्या घरी एकच लॅपटॉप, मुलगा त्यावर गेम खेळतो, तुमचं बिटकॉइन ठेवायचं वॉलेट त्याच ब्राउझरात; तर अँटिव्हायरस कोणता घ्यावा, असं विचारलंत. कुठलाही घ्या, पण तेवढ्यावर भागणार नाही. घरचा लॅपटॉप म्हणजे आमच्या गोव्यातल्या बाल्कांवातला सोपो, ओसरीवरचा बसायचा कट्टा. येणारा-जाणारा टेकणारच. तिथे दागिन्यांचा डबा ठेवायचा नसतो.

म्हापशाला आमच्याकडे भाच्याने गेमचं फुकट 'चीट', म्हणजे लबाडीने जिंकायचं सॉफ्टवेअर, उतरवलं. 'आधी अँटिव्हायरस बंद करा' अशी सूचना होती, त्याने केला. चार दिवसांनी मी माझ्याच दुसऱ्या वॉलेटला पैसे पाठवले आणि ते भलतीकडेच गेले. त्या चीटसोबत आलेल्या व्हायरसमुळे कॉपी केलेला वॉलेटचा पत्ता पेस्ट होताना बदलत होता! रक्कम थोडकी, चवथीला गणपतीवर बांधायच्या माटोळीच्या सामानाइतकीच, म्हणून निभावलं.

मुलाला वेगळं, 'स्टँडर्ड' खातं द्या आणि ॲडमिनचा पासवर्ड सांगू नका. ब्राउझरातली वॉलेटची फाईल चोरायला ॲडमिन हक्क लागत नाहीत; ज्या खात्यात ही व्हायरसची घाण चालते, त्या खात्यातलं ती उचलते. म्हणून तुम्हीही त्याच्या खात्यात वॉलेट उघडू नका.

मोठी रक्कम असेल तर हार्डवेअर वॉलेट, म्हणजे वॉलेटची गुप्त किल्ली लॅपटॉपबाहेर ठेवणारं छोटं उपकरण, घ्याच, थेट कंपनीकडून. पाठवताना पत्ता त्याच्याच छोट्या स्क्रीनवर वाचा, अख्खा. पहिली-शेवटची चार अक्षरं जुळणारे पत्ते चोर मुद्दाम बनवतात. रक्कम किरकोळ असेल, तर सुरक्षा अपडेट येत असलेला जुना फोन रीसेट करून फक्त त्यासाठी ठेवा.

सीडचे, म्हणजे ज्यांवरून अख्खं वॉलेट पुन्हा उघडता येतं ते, १२ किंवा २४ शब्द कागदावर लिहा, फोटो काढू नका. २०२५ मध्ये उघडकीला आलेलं 'स्पार्ककॅट' हे चोरटं सॉफ्टवेअर गॅलरीतले फोटो वाचून नेमके हेच शब्द शोधायचं, आणि ते अधिकृत ॲप स्टोअरांतल्या ॲपांतही सापडलं होतं. आपल्या पावसाळ्यात कागदाला बुरशी धरते, म्हणून माझे शब्द स्टीलच्या पट्टीवर कोरलेले आहेत. (बायको त्याला 'तुझा ताम्रपट' म्हणते.)

लॅपटॉपमध्ये आधीच व्हायरस शिरल्याची शंका असेल, तर नुसता वॉलेटचा पासवर्ड बदलून काही होत नाही, कारण सीड तीच राहते. स्वच्छ उपकरणावर नवी सीड बनवा, नाणी आधी तिकडे हलवा, मग ईमेल आणि एक्स्चेंजचे (जिथे बिटकॉइन घेता-विकता त्या साइटचे) पासवर्ड तिथूनच बदला, सगळीकडून लॉगआउट करा. विंडोज पुसून नव्याने टाकायचं काम त्यानंतर. पैसे गेलेच असतील तर लगेच १९३० या सायबर गुन्ह्यांच्या हेल्पलाइनवर फोन करा, व्यवहाराचा हॅश (ओळख क्रमांक) आणि दोन्ही पत्ते हाताशी ठेवा.