पिवळ्या सुया

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

तुझा निरोप काल रात्री वाचला. तीन महिने झाले तरी फ्लास्कच्या तळाशी स्फटिक येत नाहीत, येतो तो काकवीसारखा चिकट पाक. म्हणून विषय बदलायचं तुझ्या मनात आहे, आणि पुढचा विषय नाव होईल असा हवा आहे. वाचता वाचता मला जर्मन रसायनशास्त्रज्ञ एमिल फिशर आठवले.

त्यांचं नाव तू बारावीपासून लिहिते आहेस. एक उभी रेघ, चार आडव्या, वर अल्डिहाइडचा गट: शर्करेचा रेणू कागदावर मांडायची रीत, फिशर प्रोजेक्शन. पण त्या रेघांमागचा माणूस कित्येक वर्षं तुझ्यासारखाच पाकात अडकला होता, हे आम्ही वर्गात सांगत नाही. सांगायला हवं होतं.

1852 साली कोलोनजवळच्या ऑइस्किर्शन गावी व्यापाऱ्याच्या घरी त्यांचा जन्म झाला. वडिलांनी लाकडाच्या धंद्यात घालून पाहिलं, पण पोराचं लक्ष लागेना, तेव्हा कुठे शिकायला सोडलं. स्ट्रासबुर्गला रसायनशास्त्रज्ञ बायर यांच्या हाताखाली 1874 मध्ये डॉक्टरेट झाली आणि पुढच्याच वर्षी फिशर यांच्या हाती फेनिलहायड्राझिन हे नवं रसायन लागलं. ते शर्करेसाठी शोधलेलं नव्हतं. शर्करेवर ते वापरून पाहिलं 1884 मध्ये. मधली नऊ वर्षं लक्षात ठेव.

साखरेच्या द्रावणांची खोड तुला आता ठाऊक आहे. आटवत गेलं की पाक होतो, स्फटिक धरत नाही, आणि शुद्ध काय हाती आलं ते कळत नाही. फेनिलहायड्राझिन घालून तापवलं की त्याच पाकातून ओसाझोन, म्हणजे शर्करा आणि त्या रसायनाचं पिवळं स्फटिकी संयुग, खाली बसतो. गाळता येतो, धुता येतो, त्याचा वितळणबिंदू घेता येतो. बी.एस्सी.ला तू हे केलं आहेस. परीक्षानळी वॉटर बाथमध्ये, आणि काही मिनिटांत झाडूच्या काड्यांसारख्या सुयांचे झुपके. काचपट्टीवर ते पहिल्यांदा दिसले तेव्हा मी प्रॅक्टिकलची वेळ संपल्यावरही सूक्ष्मदर्शकावरून उठले नव्हते.

ग्लुकोज, मॅनोज आणि फ्रुक्टोज तिघांचाही ओसाझोन एकच येतो. दुसरा कोणी चाचणी फसली म्हणून हळहळला असता. फिशर यांनी त्यातून ओळखलं की तिघांचे वरचे दोन कार्बन वेगळे असतील, पण तिसऱ्यापासून खाली रचना एकच आहे. ग्लुकोजमध्ये चार कार्बन असे की प्रत्येकाला डावं-उजवं आहे, म्हणजे एकूण सोळा रूपं. त्यातलं ग्लुकोज कोणतं? रेणूची रचना दाखवणारी एक्स-रे, एनएमआर अशी तंत्रं तेव्हा नव्हती. नायट्रिक आम्लाने रेणूची दोन्ही टोकं सारखी करायची आणि ध्रुवित प्रकाश वळतो का ते पाहायचं. वळला, तर सममित रूपं बाद. असं एकेक रूप खोडत 1891 मध्ये ते उत्तरापर्यंत पोचले. तू कधीतरी हा सगळा तर्क कागदावर स्वतः करून बघ. मला रसायनशास्त्रात याहून सुंदर काही माहीत नाही.

एक गोष्ट मात्र त्यांना ठरवता येणार नव्हती: खरं रूप की त्याची आरशातली प्रतिमा. त्यांनी एक बाजू गृहीत धरली, आणि धरली आहे हे लपवलं नाही. 1951 मध्ये डच शास्त्रज्ञ बायफूट यांच्या एक्स-रे प्रयोगातून तीच बाजू बरोबर ठरली. फिशर जाऊन तेव्हा बत्तीस वर्षं झाली होती. तुझ्या वहीत जे गृहीत धरलं आहेस ते त्याच तारखेखाली, शाईने लिहीत जा.

1902 चं नोबेल त्यांना शर्करा आणि प्युरिन (कॅफीन ज्यात मोडतं तो संयुगांचा गट) यांवरच्या कामासाठी मिळालं. ज्या फेनिलहायड्राझिनने नाव दिलं त्यानेच त्वचेचे आणि पोटाचे विकारही दिले. पत्नी 1895 मध्ये गेली, तीनपैकी दोन मुलगे पहिल्या महायुद्धाच्या वर्षांत गेले.

आणि तुला मुलगी म्हणून हेही सांगते. 1907 मध्ये भौतिकशास्त्रज्ञ लीझे माइटनर बर्लिनला त्यांच्या संस्थेत आली, तेव्हा तिला जुन्या सुतारकामाच्या खोलीतच काम करायची परवानगी होती, वर मुलांच्या प्रयोगशाळेत जायचं नाही या अटीवर. प्रशियात, म्हणजे बर्लिन ज्यात होतं त्या जर्मन राज्यात, मुलींना विद्यापीठाची दारं उघडली तेव्हा ती अट गेली, आणि पुढे फिशर यांनीच तिला पाठबळ दिलं. पण ती अट त्यांनी घातली होती, आणि त्यांच्याबद्दलच्या आदरापोटी मी ती पत्रातून गाळणार नाही.

तर विषय एवढ्यात बदलू नकोस. पाक फेकू नकोस, झाकून थंडीत ठेव. त्यातला थोडा घेऊन स्फटिक देणारं एखादं डेरिव्हेटिव्ह, म्हणजे ओसाझोनसारखं त्यापासून बनणारं संयुग, करून बघ. विद्यार्थी असताना मी फेनिलहायड्राझिनची बाटली मोज्यांशिवाय उघडली होती आणि कितीतरी दिवस बोटांना खाज होती, तेव्हा ते काम मोजे घालून आणि फ्युम हूडमध्येच, म्हणजे वाफा ओढून घेणाऱ्या कपाटातच. शनिवारी वही आणि ती काचपट्टी घेऊन ये, आपण दोघी मिळून बघू.

तुझी,
बाई