विनामोबदला काढलेल्या छायाचित्रांचा हक्क कोणाचा?

आपण वारीतील आरोग्य शिबिराची छायाचित्रे विनामोबदला काढणार आहात, तेव्हा संस्थेशी एका पानाचा लेखी करार आधीच करून घ्यावा, असे मी आग्रहाने सांगेन. कॉपीराइट अधिनियम, १९५७ च्या कलम १७ नुसार छायाचित्राचा पहिला हक्कदार सामान्यतः छायाचित्रकारच असतो. मात्र कोणाच्या सांगण्यावरून मोबदला घेऊन काढलेल्या छायाचित्राचा हक्क, वेगळा करार नसल्यास, त्या व्यक्तीकडे जातो. म्हणून ‘प्रवासखर्चाचे’ पाकीट हातात पडणार असेल, तर ते मानधन नव्हे, हेही करारात नमूद करावे.

हक्क कायमचा लिहून देण्याची सहसा गरज नसते; वार्षिक अहवाल, संकेतस्थळ आणि समाजमाध्यमे यांपुरती वापराची परवानगी पुरते. हक्क हस्तांतरित करायचाच झाला, तर कलम १९ प्रमाणे तो लेखी आणि स्वाक्षरीनिशी द्यावा लागतो व मुदत लिहिली नसल्यास ती ५ वर्षांची धरली जाते.

पायाच्या फोडांना मलम लावून घेणाऱ्या एका आजींचे मी काढलेले छायाचित्र एका संस्थेने परस्पर प्रायोजकाला दिले आणि ते माझ्या नावाविना त्याच्या दिनदर्शिकेवर झळकले. कागदच नसल्याने परवानगी नेमकी कशाची होती, यावर निव्वळ वाद झाला. आजींना तर कोणी विचारलेच नव्हते, आणि याची बोच मला अधिक आहे. रुग्णांची संमती स्वतंत्रपणे घ्यावी. मूळ रॉ फाइली (कॅमेऱ्यातल्या, संस्कार न केलेल्या) मात्र स्वतःजवळच ठेवाव्यात.