वाचकांचे प्रश्न : संवर्धनासाठी वृक्षतोड कशासाठी?

प्रश्न : उत्तर युरोपातील काही देशांत निसर्गसंवर्धनासाठी झाडे तोडतात, माळ मुद्दाम पेटवतात आणि संरक्षित क्षेत्रात गुरे चारतात, असे वाचनात आले. निसर्गाला हात न लावणे हेच खरे संवर्धन नव्हे काय? आणि हे काम कधी संपते?

उत्तर : हात न लावण्याचा उपाय लागू पडतो तो माणसाच्या हाताशिवाय घडलेल्या अधिवासांना, आणि उत्तर युरोपातील कित्येक दुर्मीळ अधिवास तसे नाहीत. स्वीडनच्या ओलांड बेटावर चुनखडीच्या खडकावर मातीचा अगदी पातळ थर असलेला, अडीचशे चौरस किलोमीटरहून मोठा माळ आहे. शतकानुशतकांच्या चराईमुळे तो उघडा राहिला आणि भरपूर उन्हावर जगणाऱ्या ठेंगण्या वनस्पती तेथे टिकल्या. चराई थांबली की ज्युनिपरची झुडपे माजतात आणि त्यांच्या सावलीत या वनस्पती नाहीशा होतात. युनेस्कोने २००० साली दक्षिण ओलांडला जागतिक वारसा ठरवले, ते तेथील शेतीने घडवलेल्या भूप्रदेशासाठी. एस्टोनियातील लाएलाटूच्या विरळ वृक्षांच्या कुरणात तर एका चौरस मीटरमध्ये ७६ वनस्पतिजाती नोंदल्या गेल्या आहेत, आणि ही समृद्धी दरवर्षीच्या गवतकापणीवर उभी आहे.

आगीचा प्रकार नॉर्वेच्या किनाऱ्यावरील हेदर या बुटक्या, सदाहरित झुडपाच्या माळांवर दिसतो. हिवाळ्यात किंवा वसंताच्या आरंभी, जमीन ओली वा गोठलेली असताना, एकेक लहान पट्टा जाळतात. त्यामुळे जुने, लाकडासारखे झालेले हेदर जळते, पण मुळे व बिया वाचतात आणि कोवळ्या फुटव्यांवर मेंढ्या चरतात. हा उपाय कोठेही उचलून नेण्याजोगा मात्र नाही. पीटच्या, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या थराच्या, कोरड्या पडलेल्या दलदलीत आग जमिनीखाली शिरली, तर हजारो वर्षांत साठलेला थर धुमसत राहतो.

दलदलींची कथा उलटी आहे, कारण तेथे माणसाचा हस्तक्षेप हेच दुखणे आहे. फिनलंडमध्ये निम्म्याहून अधिक पीटभूमीत, मुख्यतः लाकूड-उत्पादनासाठी, चर खणून पाणी काढले गेले. स्कॉटलंडच्या 'फ्लो कंट्री' या पीटच्या दलदलींच्या प्रदेशात १९८०च्या दशकात करसवलतीच्या मोहाने परदेशी सूचिपर्णी वृक्षांची लागवड झाली. १९८८च्या अर्थसंकल्पाने ती सवलत काढली, पण झाडे उरली. ती जमिनीतले पाणी शोषतात, म्हणून आता तोडली जातात आणि चर बुजवले जातात. पाणी पुन्हा वर आले की, ज्यापासून पीट बनते ते स्फॅग्नम शेवाळ वाढू लागते. २०२४ साली या प्रदेशालाही जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. झाड लावणे म्हणजे नेहमीच पुण्यकर्म, ही आपली समजूत येथे टिकत नाही.

आता शेवटच्या प्रश्नाविषयी. डेन्मार्कने १९६०च्या दशकात सरळ केलेल्या स्केर्न नदीला १९९९ ते २००२ दरम्यान पुन्हा वळणे दिली. अशी कामे एकदाच करावी लागतात, पुढे देखरेख पुरते. दलदलीचेही साधारण असेच, फक्त पीट वर्षाला जेमतेम मिलिमीटरभर साचत असल्याने धीर मोठा लागतो. माळ आणि कुरणे यांचे काम मात्र कधीच संपत नाही. एस्टोनियाने २०१४ ते २०१९ या काळात युरोपीय संघाच्या निधीतून सुमारे अडीच हजार हेक्टर चुनखडीच्या माळावरील झाडोरा काढला. पण तो माळ तसाच राहायचा, तर गुरे पाळणारा शेतकरी तेथे टिकला पाहिजे आणि त्यासाठी त्याला अनुदान दरवर्षी द्यावे लागते.