दहावीच्या गुणपत्रिकेवरचं जुनं नाव

प्रश्न : मी ट्रान्स पुरुष आहे. शस्त्रक्रियेनंतर 2023 मध्ये जिल्हाधिकाऱ्यांकडून 'पुरुष' नोंदीचं सुधारित प्रमाणपत्र मिळालं. दहावीच्या गुणपत्रिकेवर मात्र जुनंच नाव आहे. शाळा म्हणते, 'दाखला नेल्यावर रजिस्टर बदलत नाही.' त्यामुळे नोकरीची पडताळणी अडलीय.

उत्तर : शाळा बोट ठेवतेय ते माध्यमिक शाळा संहितेच्या नियम 26.4 वर. पण संहिता म्हणजे प्रशासकीय सूचना, आणि तुमचा हक्क संसदेच्या कायद्यातून आलाय. तृतीयपंथी व्यक्ती (हक्कांचे संरक्षण) कायदा, 2019, कलम 7(3) नुसार प्रमाणपत्रधारकाला जन्मदाखल्यासह ओळखीच्या सर्व कागदपत्रांत पहिलं नाव बदलून मिळतं. याच कायद्याखालच्या 2020 च्या नियमांना जोडलेल्या यादीत दहावी-बारावीची प्रमाणपत्रं स्पष्ट लिहिलेली आहेत, आणि बदलाला मुदत आहे 15 दिवसांची.

मुख्याध्यापकांमार्फत विभागीय मंडळाच्या सचिवांना अर्ज करा, एक प्रत थेट मंडळातही द्या. कलम आणि यादीचा उल्लेख हवाच. सोबत प्रमाणपत्राची स्वसाक्षांकित प्रत, गुणपत्रिका आणि आधार जोडा. नव्या कागदावर मूळचाच क्रमांक राहावा, ही मागणीही लिहा. नियमांत ती तरतूद आहे. क्रमांक बदलला तर कंपनीची पडताळणी पुन्हा अडेल. तुमच्या प्रतीवर आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. पुढे 15 दिवस मोजायचे ते त्याच तारखेपासून.

कलमात 'पहिलं नाव' एवढंच आहे. वडिलांचं नाव किंवा आडनावही बदलायचं असेल तर राजपत्रात नावबदल प्रसिद्ध करून घ्या. फक्त पहिलं नाव बदलायचं असताना कुणी राजपत्र मागितलं, तर कुठल्या नियमाखाली ते लेखी विचारा.

आधारकडे आधी नीट बघा. तिथे लिंगनोंद एकदाच बदलता येते. सुधारित प्रमाणपत्राआधी मिळालेल्या पहिल्या प्रमाणपत्रावरून 'ट्रान्सजेंडर' करून घेतली असेल, तर आता 'पुरुष' करायला अपवाद म्हणून प्रादेशिक कार्यालयाकडे जावं लागेल. पॅन त्यानंतर बदला, कारण आधार-जोडणीत नाव, जन्मतारीख आणि लिंग तिन्ही जुळावं लागतं.

मुदत उलटली किंवा लेखी नकार आला, तर वकिलामार्फत नोटीस द्या आणि राज्यघटनेच्या अनुच्छेद 226 खाली मुंबई उच्च न्यायालयात रिट याचिका करा. तोंडी नकारावर घरी परतू नका. नकाराचा कागद हातात असेल तर रिटचं काम निम्म्याने हलकं होतं. तोवर कंपनीला जिल्हाधिकाऱ्यांचं प्रमाणपत्र आणि मंडळाची पोच एकत्र पाठवा.